पुरवणी

तिनं कागद खिडकीच्या काचेवर टेकवून धरला आणि उजेडात शाईचा दाब पाहिला. घरी बसून भरलेला कागद लगेच ओळखू येतो. एका बैठकीत, हात नीट टेकवून लिहिलेलं अक्षर कसं शहाण्यासारखं बसतं. लोकांच्या दारात उभं राहून लिहिलेलं वेडंवाकडं पळतं. हा कागद वेडावाकडाच होता. वर चहाचा एक डागसुद्धा होता. तिला वाईट वाटलं.

एकोणीस वर्षं ती या पाहणी कचेरीत होती, त्यातली अकरा तपासनीस म्हणून. बाया घरोघर फिरून लोकांची मतं टिपून आणत. त्यातला दर दहावा कागद हिच्या टेबलावर येई. मग ही त्या घरी जाऊन मुख्य प्रश्न पुन्हा विचारायची. उत्तर जुळलं तर कोपऱ्यात सही, नाही जुळलं तर कागदभर तांबडी रेघ. जुन्या बायांना अशा तीन रेघा माफ होत्या. महिन्याच्या बोलीवर घेतलेल्या नवीन बाईला एकही नाही.

नवीन बाई म्हणजे चिमणी. अंगानं एवढीशी, आवाजही एवढासा. पहिल्याच दिवशी कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

या खेपेचा प्रश्न नाजूक होता. गांजा कायद्यानं मोकळा करावा का? हो, नाही, सांगता येत नाही. तिन्हींपैकी एकावर खूण करायची, आणि खाली ‘का?’ म्हणून चार ओळींची जागा. साबण कुठला वापरता, बस वेळेवर येते का, असल्या गोष्टी लोक दारात उभ्या उभ्या सांगून टाकतात. गांजाचं नाव काढलं की आधी विचारत, तुम्ही पोलिसांकडून आलात का? मग म्हणत, घरात कुणी नाही. आणि हे सांगणारा घरातच उभा. बाकीच्या बायांच्या कागदांवर ‘सांगता येत नाही’चं नुसतं पीक आलं होतं. चिमणीच्या साठ कागदांत तसे दोन निघाले. शिवाय तिला चार ओळी पुरत नसत. ती टाचणी लावून वर पुरवणी जोडायची.

सोमवारी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, ‘‘पुढच्या महिन्यापासून नवीन बायांना हीच शिकवेल. दगडाला पाझर फोडते पोरगी.’’

नवीन बायांना शिकवायचं काम अकरा वर्षं तपासनिसाचं होतं. ती तेव्हा हसली, टाळीसुद्धा वाजवली. पोटात मात्र जे दुखायला लागलं ते काही गोळी घेऊन थांबणारं नव्हतं. तेव्हापासून ती चिमणीचे कागद उजेडात धरून बघत होती.

दुपारच्या चहाला विषय निघालाच.

‘‘माझं विचाराल तर मोकळा करून टाकावा,’’ टंकलेखिका म्हणाली. ‘‘दारू मिळतेच की कोपऱ्याकोपऱ्यावर.’’

‘‘तुला काय जातंय बोलायला,’’ तपासनीस म्हणाली. ‘‘ज्याचं जळतं त्याला कळतं. आमच्या घरी बघा. माझा दीर, खिशात पुडी घेऊन सापडला. तीन वर्षं आत. सुटला तो सरळ आमच्या दारात. मी दार जेवढं उघडलं होतं तेवढंच लावून घेतलं. आज एकोणीस वर्षं झाली, त्या गंजेट्याचं नाव आमच्या घरात निघत नाही.’’

‘‘आणि तुमचे हे? त्यांचा तर भाऊ ना?’’

‘‘हे काय म्हणणार? हे चष्म्याच्या काचा घासतात आणि मूग गिळून बसतात.’’

सगळ्या हसल्या. चिमणी हसली नाही. ती कपात बघत राहिली. हिला वाटलं, शिष्ट आहे.

त्याच तिरीमिरीत तिनं चिमणीचा तो डागाळलेला कागद उचलला. कागदावर नाव-पत्ता नसे, नुसता क्रमांक. पत्त्यांची वही साहेबांच्या कपाटात. पुरुष, पन्नास ते साठ, नोकरी. मत, हो. मग पुरवणी. ती तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

‘‘ऐका. ‘पुडी माझी होती. दुसऱ्यानं अंगावर घेतली. त्याला तीन वर्षं झाली. मला तेव्हा एक महत्त्वाचं काम होतं, म्हणून मी गप्प बसलो. नंतर गप्प बसायची सवयच लागली. कायदा मोकळा असता तर दोघंही त्या दिवशी घरी जेवलो असतो. घरात हे कुणालाच माहीत नाही. कुणी विचारलंच नाही.’ वा! काय पण डोकं! सिनेमा काढा यावर. अहो, सख्ख्या बायकोला न सांगितलेलं माणूस अनोळखी बाईला सांगतो?’’

चिमणी उठून टेबलापाशी आली. तिचा चेहरा उतरला होता.

‘‘ताई, तेवढा कागद राहू द्या ना. दुसरा कुठलाही घ्या. दोन घ्या हवे तर.’’

चोराच्या मनात चांदणं, ते हेच. तपासनीस बाईला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली, कपाटातली वही काढून तिनं क्रमांकावर बोट ठेवलं आणि पत्ता चिठ्ठीवर उतरवायला लागली. अर्धा उतरवल्यावर तिला कळलं, की आपण बघून लिहीत नाही आहोत. पत्ता तिला पाठच होता.

तिनं तो पुन्हा वाचला. घर तेच, मजला तोच.

‘‘लांब आहे का?’’ साहेबांनी फायलीतून डोकं वर न काढता विचारलं.

‘‘नाही. जवळच आहे.’’

स्वतःच्या घरचा कागद आला तर तो साहेबांकडे परत करायचा, हा नियम. हिनंच तो अकरा वर्षं नवीन बायांना शिकवला होता. तिनं चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि चपला चढवल्या. जाताना चिमणीकडे बघितलं नाही.

वाटेत तिनं पुरवणी इतक्या वेळा वाचली, की शेवटी कागद न बघताही ओळी दिसायला लागल्या. अकरा ओळी होत्या. ‘भाऊ’ हा शब्द त्यात कुठंच नव्हता. त्यांनी तो नक्की उच्चारला असणार आणि चिमणीनं मुद्दाम ‘दुसऱ्यानं’ करून लिहिला असणार. त्यांच्या बैठकीच्या खोलीत स्टुलाच्या बरोबर समोर लग्नाचा फोटो लावलेला होता; बसल्या जागी चिमणीला कळलं असणार, घर कुणाचं ते. म्हणजे तिनं झाकून घेतलं होतं. आणि आपण ते चहावर मोठ्यानं वाचलं. चिमणीचा हा चांगुलपणासुद्धा तिला सहन होईना. पण त्याहून एकच गोष्ट तिला राहून राहून टोचत होती. पुडी कुणाची, तुरुंग कुणाला, हे सगळं नंतर. आधी हे, की त्यांनी तिला सांगितलं.

नवरा घरीच होता. तो नोकरीला होता त्या दुकानाला सुट्टीचा दिवस. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तो बुटांना पॉलिश करत होता, आधी स्वतःच्या, मग हिच्या.

‘‘लवकर?’’

‘‘मी कामावरच आहे,’’ ती म्हणाली, आणि आत न जाता स्टुलावर बसली. पर्समधून लिहायचा पुठ्ठा काढला, त्यावर कागद लावला. त्यानं पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला.

‘‘मागच्या आठवड्यात पाहणीवाली बाई आली होती?’’

‘‘हो.’’

‘‘मला बोलला नाहीत.’’

‘‘हे तुझ्या कागदावर आहे?’’

‘‘नाही. किती वेळ होती?’’

‘‘चहा झाला.’’ त्यानं जरा आठवलं. ‘‘दोनदा.’’

‘‘केला कुणी?’’

‘‘मी.’’

हेही कागदावर नव्हतं. हा माणूस साखरेचा डबा सापडत नाही म्हणून बिनसाखरेचा चहा प्यायचा. तिनं पुठ्ठा मांडीवर सरळ केला आणि कचेरीतल्या आवाजात विचारलं, ‘‘तुमच्या मते गांजा कायद्यानं मोकळा करावा का? हो, नाही, सांगता येत नाही.’’

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. कुठलं उत्तर दिलं म्हणजे आजचं जेवण शांतपणे होईल, हे तो तिथं शोधत होता. ती नजर तिच्या ओळखीची होती. आजवर तिला तो मवाळपणा वाटत आला होता.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘कशाला करायचा? तुला माहीतच आहे.’’

कागदावर ‘हो’वर खूण होती. उत्तर जुळत नव्हतं. नियम तिच्या बाजूनं होता, साहेब तिच्या बाजूनं झाले असते, आणि खोटंही बोलावं लागणार नव्हतं. त्यांना जे वाटतं ते चिमणीसाठी, आणि मला जे बरं वाटेल ते माझ्यासाठी, अशी ही वाटणी. तिनं तांबड्या पेनाचं टोपण काढलं.

‘‘तांबडं कशाला?’’

‘‘जुळत नाही. तिनं हो लिहिलंय.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? बनावट कागद. उद्यापासून ती येणार नाही.’’

त्यानं ब्रश उचलला, केसांवरून अंगठा फिरवला.

‘‘चांगली बाई आहे गं.’’

‘‘असेल.’’

‘‘तिनं काही बनावट केलेलं नाही.’’

‘‘तुम्ही आत्ता नाही म्हणालात ना? मी माझ्या कानांनी ऐकलं.’’

खाली रस्त्यात कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. तीन-चारदा घरघरली आणि बंद पडली. त्यानं तेवढ्या वेळात बुटाच्या टाचेवरून तीच जागा पाच-सहा वेळा घासली.

‘‘हो लिही,’’ तो म्हणाला.

‘‘तिच्यासाठी?’’

त्यानं दुसरा बूट पुढं ओढला. तिला वाटलं, याच्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. बावीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस आपल्यासमोर खरं बोलत होता, आणि ते एका परक्या बाईची नोकरी वाचावी म्हणून. तिनं पुरवणी पालथी घातली आणि वर तळहात ठेवला.

‘‘का, ते सांगा.’’

‘‘लिहिलंय ना तिथं.’’

‘‘मला सांगा.’’

त्यानं बूट बाजूला ठेवला.

‘‘पुडी माझी होती,’’ तो म्हणाला. ‘‘त्यानं आपली म्हणून सांगितलं.’’

ती वाट बघत राहिली. पुढं काही आलं नाही. चिमणीला अकरा ओळी आणि आपल्याला दोन. त्या घडीलाही तिनं हा हिशेब केला, आणि केल्याची तिला लाज वाटली, तरी तो केलाच.

‘‘महत्त्वाचं काम कुठलं होतं?’’

त्यानं मान वर केली. तिनं सगळं वाचलंय, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

‘‘भाऊ तुरुंगात जातोय आणि माणूस गप्प बसतो, एवढं कसलं महत्त्वाचं काम?’’

‘‘आठ दिवसांवर लग्न होतं,’’ तो म्हणाला. ‘‘तुझ्या घरच्यांनी मोडलं असतं. मी चौकीवर जायला निघालो होतो. त्यानंच अडवलं. म्हणाला, तू गप्प बस, वहिनी येऊ दे घरात.’’

पुठ्ठा तिच्या मांडीवरून घसरला. तिनं तो पडू दिला. दार किती उघडलं होतं आणि किती लावलं, हे तिनं आजवर किती जणांना सांगितलं असेल! दारापलीकडचा माणूस काय म्हणाला होता, ते आठवायचा ती प्रयत्न करत होती. काहीतरी म्हणाला होता. नीट ऐकून घ्यावं इतकं दार तेव्हा उघडंच नव्हतं.

‘‘हे तिला सांगितलंत?’’ तिनं विचारलं.

‘‘लग्नाचं? नाही.’’

‘‘एवढंही नाही?’’

‘‘नाही. ते तिला कशाला सांगू?’’

तिनं वाकून पुठ्ठा उचलला. कागदाच्या कोपऱ्यात सही केली. टोपण लावून पेन पर्समध्ये टाकलं. मग नवऱ्यासमोर जमिनीवर, वर्तमानपत्राच्या कडेला येऊन बसली. जो शब्द तिनं कधी वापरलाच नव्हता तो ओठांवर यायला वेळ लागला.

‘‘भाऊजी आता कुठं असतात हो?’’

त्यानं तिच्या बुटाची नाडी ओवायला घेतली होती. ती त्याच्या हातात तशीच राहिली.

‘‘तिनंही मला सगळ्यात आधी हेच विचारलं होतं,’’ तो म्हणाला.