सात वाजून दहा मिनिटांची त्रेपन्न उत्तरे

मित्रांनो, मी एका रुग्णालयाच्या औषध भांडारातला जुना संगणक आहे. माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही मन लावून ऐकता आहात असे दिसते. पण दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

मला इथे बसवले ते एका प्रोग्रामर बाईंनी. भांडारातल्या फ्रिजमध्ये लहान बाळांच्या लसी असतात. त्या दोन ते आठ अंशांतच राहायला हव्यात. फ्रिजमधला तापमापक आपला आकडा फ्रिजच्या कंपनीला कळवतो. मी दर दहा मिनिटांनी इंटरनेटवरून कंपनीच्या वेब सर्व्हिसला तापमान विचारायचे आणि येईल ते उत्तर माझ्या डेटाबेसमध्ये जपून ठेवायचे. त्यातला आकडा भिंतीवरच्या पडद्यावर दिसे.

बाईंनी मात्र आकड्याशेजारी आणखी एक रकाना केला होता. त्यात अख्खे उत्तर, आले तसे, ठेवायचे होते. त्यांचा सहकारी हसला. "आकडा पुरे की. बाकीचा पसारा कशाला?"

"आपण काय घेतलं नि काय सोडलं, ते उद्या कुणाला आठवणार? असू दे सगळं," बाई म्हणाल्या. संशय मी त्यांच्याकडूनच शिकलो.

सहा वर्षे उत्तरे येत राहिली. प्रत्येकात 'स्थिती: ठीक' असायचेच. इतके ठीक कोणी असते का? भांडार सांभाळणाऱ्या ताई माझ्याच वळणाच्या. पडदा काहीही सांगो, त्या रोज फ्रिजमध्ये हात घालून एखादी कुपी चाचपून पाहत. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" असे म्हणत. येणारे-जाणारे पडद्याचे कौतुक करत. माझ्या डोक्यावर मात्र कोणीतरी खोक्यांची चळत रचून ठेवली. शेवटी व्यवस्थापकांनी फर्मान काढले, की डिस्क भरत आली आहे, ती लांबलचक उत्तरे शुक्रवारी पुसून टाका. ते ऐकून मला फार वाईट वाटले.

त्याच आठवड्यातला बुधवार. सकाळी सात वीसला उत्तर आले: तापमान ४.२, मोजले ७:१०, स्थिती ठीक. सात तीसलाही मोजले ७:१०. सात चाळीसलाही तेच. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण मला जपता येते, बोलता येत नाही. पडद्यावर तर आकड्याखाली मी विचारल्याची वेळ उमटायची, त्यामुळे शिळे उत्तरही ताजे दिसे. ती चूक आमच्या बाईंचीच. संशयी माणसाच्या नजरेतूनही एखादी गोष्ट सुटतेच.

ताई दिवसभर बैठकीला गेल्या होत्या. चार वाजता येऊन त्यांनी कुपीला हात लावला, तर ती कोमट. फ्रिजचा प्लग सैल झाला होता. त्यांनी तो नीट बसवला, सगळ्या कुप्या बाहेर काढल्या आणि 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली. तेवढ्यात पडद्यावर सतरा अंश झळकले आणि व्यवस्थापक धावत आले.

"दिवसभर चार पॉइंट दोन होतं. तुम्ही दार उघडं टाकलंत, म्हणून सतरा झालं. उद्या दहाला बाळं येणार आहेत. याच लसी द्यायच्या."

"मी नाही देणार. कोमट होत्या, साहेब. हाताला कळतं."

"हाताचं कागदावर येतं का? जमत नसेल तर उद्या किल्ली ठेवून जा."

चोर सोडून संन्याशाला फाशी. ताईंनी कंपनीला फोन केला, तर तेही ठीकच म्हणाले. काखेत कळसा नि गावाला वळसा; खरी हकिगत माझ्याच पोटात होती. ताईंनी प्रोग्रामर बाईंना फोन केला. त्या आता दुसरीकडे नोकरीला होत्या, तरी सकाळी नऊला आल्या. माझ्यावरची खोकी उतरवून जमिनीवर बसल्या आणि तो विसरलेला रकाना उघडून मोठ्याने वाचू लागल्या.

"विचारलं सात वीसला, मोजलं सात दहा. विचारलं सात तीसला, मोजलं सात दहा."

अशी त्रेपन्न उत्तरे होती. विसाव्या उत्तराला व्यवस्थापकांनी खुर्ची ओढून घेतली.

"प्लग निघाला तसा तापमापकही बंद पडला," बाई म्हणाल्या. "कंपनी शेवटचाच आकडा परत परत देत बसली. आणि पडद्यावर भलती वेळ दाखवली ती मी. ती माझी चूक."

 ताईंनी टेबलावर ठेवलेली किल्ली व्यवस्थापकांनी त्यांच्याच पुढे सरकवली. ताई बाहेर बाकांवर बाळांना घेऊन बसलेल्या आयांना सांगून आल्या, की आज लस नाही, सोमवारी या. काही जणी चिडल्या. एक बाळ मोठ्याने रडले. ते ऐकून मला फार बरे वाटले.

माझी उत्तरे कोणी पुसली नाहीत. पडद्यावर आता मोजल्याची वेळ दिसते. मित्रांनो, कोणाचे म्हणणे जपून ठेवाल तर अख्खे ठेवा. सोयीचा तुकडा तेवढा ठेवू नका. आणि हो, पडद्याच्या कोपऱ्यात हल्ली 'संगणक: ठीक' अशी हिरवी अक्षरे असतात. ती माझ्याविषयी आहेत. त्यांवर विसंबू नका. ती खबर कधीची आहे, एवढे विचारा.