भट्टीचा मीटर

चिनीमातीचे कप घडवणाऱ्या सासूबाईंच्या विजेच्या भट्टीचा तापमान दाखवणारा मीटर जळाला, तेव्हा सूनबाई म्हणाली, "विकतचा कशाला? मी करते की!" ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. सासूबाईंनी लगेच मान डोलावली.

आठवड्याभरात मीटर भिंतीवर लागला. भट्टीत उष्णता मोजणारी थर्मोकपलची सळई, तिचा इवलासा सिग्नल मोठा करणारा अँप्लिफायर आणि तो वाचून पडद्यावर आकडा दाखवणारा मायक्रोकंट्रोलर. भट्टी सुरू झाली आणि आकड्यांनी धिंगाणाच घातला. तीनशे, नऊशे, चाळीस, पुन्हा सातशे.

"अगं, हा काय झोके घेतोय?"

सूनबाईने प्रोग्राम तपासला, अँप्लिफायर बदलला. तरी तेच. मग भट्टी बंद करून, सळई गार झाल्यावर ती मीटरसकट स्वयंपाकघरात नेली आणि उकळत्या पाण्यात धरली. नव्व्याण्णव! आकडा जागचा हलेना.

"म्हणजे माझ्या भट्टीशीच वाकडं आहे त्याचं," सासूबाई फणकारल्या. भट्टीला नावं ठेवलेली त्यांना खपत नसत.

"तिथे असं काय होतं जे इथे होत नाही, तेच शोधायचंय, आई."

एवढ्यात ऑर्डरचे कप कुठवर आले ते बघायला कॅफेवाला आला. उघडं सर्किट बघून म्हणाला, "बाजारात तयार मिळतो की! कशाला हा खटाटोप?"

"तुमची कॉफी पण बाजारात तयार मिळते," सासूबाई म्हणाल्या. "बसा."

तो बसला. सूनबाईने मात्र तिकडे लक्षच दिलं नाही. तिने भट्टी पुन्हा लावली, जाड हातमोजे घातले आणि सळई तिला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीतून सोडवून, कुठेही न टेकवता भट्टीच्या भोकात नुसती धरली. आकडा शहाण्यासारखा वर चढू लागला. सळई पट्टीला टेकवली, की पुन्हा धिंगाणा.

"सापडलं!" ती ओरडली. "सळईतल्या तारांचं टोक आतून तिच्या बाहेरच्या लोखंडी नळीलाच जोडलेलं आहे. नळी पट्टीला लागते, पट्टी भट्टीच्या अंगाला. भट्टीच्या अंगातून झिरपणारी वीज थेट अँप्लिफायरमध्ये शिरते. त्याला ती सोसत नाही."

"मग मध्ये काहीतरी घालायचं?"

"हो, पण आगीत टिकणारं आणि वीज अडवणारं हवं."

सासूबाई उठल्या. माळांसाठी केलेल्या चिनीमातीच्या मण्यांच्या टोपलीत हात घालून त्यांनी एक लांबट, मोठ्या भोकाचा मणी काढला. सळई त्यातून अशी गेली की जणू मापच घेतलं होतं.

मण्यासकट सळई पट्टीत बसली आणि भट्टी पुन्हा तापली. पाचशे. सहाशे. आठशे. आकडा पायरी न चुकवता चढत होता. सासूबाई कमरेवर हात ठेवून पडद्यासमोर उभ्याच राहिल्या. चहा गार झाला तरी हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. सगळ्या कपांवर एकच निळा रंग, कुठे ओघळ नाही की डाग नाही. सासूबाईंनी गावभर फोन लावले. बहिणीला तर दोनदा.

"आई, पुरे ना! कप तुम्ही केलेत," सूनबाई लाजून म्हणाली.

"कप मी रोजच करते गं," सासूबाई म्हणाल्या आणि जावेचा नंबर फिरवू लागल्या.