येऊन गेला, कळलंही नाही

सुदानमधल्या ओमदुरमान शहरातल्या त्या गल्लीत सित्तानाइतकी कोरोनाची धास्ती कुणीच घेतली नव्हती. नवरा बाबिकिर पिठाच्या गिरणीत उभा जन्म काढलेला, छातीने अधू. साथीची बातमी आली तशी तिने फाटकाला आतून कडी घातली ती घातलीच. टोमॅटो साबणाने धुवायची, आणलेली भाकरी पुन्हा तव्यावर शेकायची. मागच्या गल्लीतली धाकटी बहीण बतूल तापाने पडून उठली, बतूलच्या लेकीला मुलगा झाला, बारसं झालं. सगळं सित्तानाने फोनवरच उरकलं.

"ताई, तू आम्हाला वाळीतच टाकलंस," बतूल एकदा म्हणाली. मग तिचे फोनही येईनासे झाले.

एका सकाळी आरोग्य खात्याची नर्स इजलाल फाटकाशी उभी राहिली. शहरातली काही घरं चिठ्ठ्या टाकून निवडली होती, त्यात हे आलं होतं.

"रक्त कशाला? आम्ही धडधाकट आहोत," सित्ताना आतूनच म्हणाली.

"म्हणूनच हवंय, मावशी. आजार येऊन गेला असला, तर रक्तात खूण राहते. दवाखान्यात येतात तेवढेच मोजले जातात, घरच्या घरी बरे झाले त्यांना कोण मोजणार? शितावरून भाताची परीक्षा करतोय."

"आमच्या घरात काही सापडायचं नाही. इथे मुंगीसुद्धा विचारून आत येते."

"घे गं पोरी माझं रक्त," खाटेवरून बाबिकिर म्हणाला. "किती दिवसांनी नवं माणूस दिसलं!"

शेवटी अंगणात, कडुनिंबाखाली, दोघांचं रक्त घेतलं गेलं.

काही आठवड्यांनी इजलाल परत आली. "मावशी, खूण सापडली. दोघांच्याही रक्तात."

सित्ताना फणकारली. "दुसऱ्या कुणाचं असेल. नीट बघ."

"दोनदा तपासलंय."

बाबिकिर विचारात पडला. "धुळीचं वादळ झालं तेव्हा मी आठवडाभर खोकत होतो बघ. तू म्हणालीस, धूळ बाधली. आणि तेव्हाच तू मेथीच्या पेजेला वास नाही म्हणून दुकानदाराचा उद्धार करत होतीस."

"म्हणजे ह्यांना झाला? आणि बरेही झाले?"

"झाले की! या भागात तपासलेल्यांत निम्म्याहून जास्त लोकांना होऊन गेलाय. कुणी कुणाला दिला, कोण सांगणार? पुन्हा होऊ शकतो, म्हणून जपा, लस आली की घ्या. पण माणसं तोडू नका."

रोज रात्री उठून सित्ताना नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची. ज्याच्या भीतीने बघायची, तो कधीच येऊन गेला होता. ती आधी हसली, मग अंगावरच्या वस्त्राचा पदर तोंडाला लावून मनसोक्त रडली. "मेला माझ्या नाकाखालून गेला!"

दुपारी तोंडाला मास्क लावून ती मागच्या गल्लीत गेली. बतूलने दार उघडलं.

"कोण आपण? ओळखलं नाही."

"मलाही होऊन गेलाय गं. ह्यांनाही."

बतूल बघतच राहिली. "तुला? टोमॅटोला आंघोळ घालणारीला?" आणि दाराला टेकून इतकी हसली, की आत तान्हं बाळ जागं होऊन रडायला लागलं.

"उठवलंस ना त्याला!" सित्ताना म्हणाली, आणि बहिणीला बाजूला सारून आत शिरली.