मर्लच्या सहीचं मुखत्यारपत्र

मी मुखत्यारपत्र बोलतोय, आणि माझ्या हातात वेळ नाही. उद्या माझ्या जोरावर मर्ल गथ्रीचं घर तिच्याच फाटकासमोर लिलावात निघणार आहे.

साधं मुखत्यारपत्र मालकाचं भान हरपलं की संपतं. मी भान गेल्यावरही टिकणाऱ्या जातीचा. मी संपत नाही, मी तेव्हाच खरा उपयोगी पडतो. म्हणून तर कायद्याने माझ्याभोवती कुंपण घातलंय. पण कुंपणाचं दार माणसंच उघडं टाकतात.

माझा जन्म गावातल्या औषधांच्या दुकानात झाला. दोन साक्षीदारांपैकी एक होते दुकानदार पेट्राकिस; इथे औषधविक्रेत्यालाही तो अधिकार असतो. ज्याच्या हाती मर्लचे सगळे व्यवहार जाणार होते त्या तिच्या भाच्याला, ग्लेनला, ते म्हणाले, "जरा बाहेर थांबता? यांच्याशी एकांतात बोलायचंय."

मर्ल ओशाळली. "अहो, पोरगं एवढ्या लांबून गाडी हाकत आलंय. त्याला काय कुत्र्यासारखं बाहेर बांधू?"

ग्लेन हसला आणि बसून राहिला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या या गव्हाच्या गावांत चोरी खपते, घरच्यांवर संशय खपत नाही. पेट्राकिसही संकोचले, पुढचे प्रश्न गिळले. अधिकार कधी सुरू व्हावा, ही चौकट कोरीच राहिली. कोरी म्हणजे सहीपासूनच सुरू! हे मर्लला कुणी सांगितलं?

मग तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती इस्पितळात, आणि मी घरांच्या दलालापुढे. त्याने सही पाहिली, शिक्का पाहिला. मर्लला एक फोन करावा, एवढं मात्र त्याला सुचलं नाही.

आज ग्लेन तिला उद्याच्या लिलावाचं सांगायला आला, तेव्हा मी त्याच्या खिशात होतो.

"माझं भान गेलंय होय रे? डॉक्टर विचारतात तसं विचार, पंतप्रधान कोण ते! शिवी घालून सांगितलं तर चालेल ना?"

"मावशी, तुझ्या भल्यासाठीच करतोय."

"घर विकून? मग मी इथून जाऊ कुठे?"

मर्लने नर्सला हाक मारली. "बाई, मला ते मुखत्यारपत्र रद्द करायचंय. आत्ता."

"त्यालाही दोन साक्षीदार लागतात, मर्ल. आम्हाला इथे सही करायची मनाई आहे. सोमवारी समाजसेविका येईल, तिला सांगू."

"अगं, लिलाव उद्या आहे!"

मला फाडूनही उपयोग नाही. माझ्या शिक्का मारलेल्या नकला दलालाकडे आहेत, बँकेत आहेत. मला स्वतःला रद्द करता येत नाही आणि ओरडताही येत नाही.

उद्या त्या फाटकासमोर तुम्ही बोली लावायला उभे असाल, तर तुमच्या पाया पडतो, हात वर करण्याआधी मालकिणीला विचारा. फोन तिच्या उशाशीच आहे. ती लगेच उचलेल.