ओव्याची धुरी

देवकाबाईने बाजेखालची गोरसी पुढे ओढली, निखाऱ्यांवर मूठभर ओवा टाकला आणि तोंड फिरवले. ओवा तडतडला, धूर बाजेच्या सुंभातून वर चढला. शामकलाने घाईघाईने घडी केलेले लुगडे पोटाशी दाबून धरले. खोकताना असे धरायचे, हे तिला नागपूरच्या नर्सबाईने शिकवले होते. तरी खोकला आला तशी ती कळवळली.

“माय, फाटून राहिलं वो पोट.”

“फाटत नाही. शेक बसला का टाके सुकतात. दम धर जराशी.”

मुर्री गावात पोट चिरून बाळंत झालेली बाई कोणी पाहिली नव्हती. मूल आडवे आले, सुईणीने हात टेकले, तेव्हा मनिरामने बायकोला बैलगाडीत घालून गोंदियाचे स्टेशन गाठले आणि तिथून नागपूर. मायलेकी जिवंत परत आल्या. पण दवाखान्यात शेक नाही, धुरी नाही, ओली बाळंतीण गार फरशीच्या खोलीत ठेवलेली, हे ऐकून देवकाबाईने कपाळाला हात लावला. सून इतकी का विव्हळते, ते तिला तिथेच कळले. सुटलेला शेक आता दुपटीने द्यायचा, असे तिने ठरवले. वारा लागू नये म्हणून खिडकीत पोत्याचा बोळा कोंबला. गोरसी विझू दिली नाही.

ती काही हेकट सासू नव्हती. सून तिला लेकीसारखी होती, आणि नर्सबाईचा शब्द ती पाळत होती. टाक्यांना पाणी लागू दिले नाही. उठताना शामकलाला कुशीवर वळवून, खांद्याला धरून ती स्वतः उठवी. कंबरेला कोमट तेल लावी, पोटाला मात्र हात लावत नसे. आणि नर्सबाईने निघताना शामकलाचा हात धरून दिलेला निरोप तर देवकाबाई एक दिवस विसरली नाही: टाक्यांना घाण वास आला तर घरचे औषध करत बसू नका, मिळेल त्या गाडीने घेऊन या.

म्हणून सकाळ-संध्याकाळ ती बाजेवर वाकायची आणि पट्टीला नाक लावायची. ओव्याचा वास यायचा. तिचे समाधान व्हायचे.

मनिराम उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारायचा. गोरसी उठेपर्यंत पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, अशी घरची रीत होती.

“कशी आहे माय?”

“सुकून राहिली. वासबीस काही नाही.”

“आंग तापते म्हणत होती.”

“खाली विस्तव आहे बापा. तापणार नाही तं काय गार पडंल?”

मग एका सकाळी शामकला कण्हायची थांबली. उठवा म्हणून तिने हाक मारली नाही, शांत पडून होती. गाल लाल झाले होते. देवकाबाईला वाटले, रंग आला पोरीला.

“दुखते का वो?”

“नाही माय. आता काहीच नाही दुखत.”

देवकाबाईचा जीव भांड्यात पडला. तिला रडूच आले. गावात जी ती म्हणत होती, चिरलेलं पोट कधी सांधते का. आता या म्हणावे बघायला. तिने त्याच दिवशी गोरसी उचलून अंगणात नेऊन विझवली, खिडकीतला बोळा काढला, जमीन शेणाने सारवली. दुपारपर्यंत खोलीत वारा खेळू लागला. मनिराम आंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून आत आला. लेकीला त्याने पहिल्यांदाच नीट हातात घेतले. हसला. मग इकडेतिकडे पाहू लागला.

“माय, उंदीर मरून पडला का कुठं?”

“कायचा उंदीर?”

तिने धानाच्या कोठीमागे पाहिले. बाजेखाली वाकून पाहिले. तिथे नुकती सारवलेली जमीन होती, आणि वास तिथेच जास्त होता. ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग उठून तिने शामकलाच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. विझलेली गोरसी बाहेर अंगणात पडली होती.

शामकला मनिरामकडे पाहून ओळखीचे हसली, पण बोलली ते तिच्या माहेरच्या कुणाशी तरी.

“मनिराम,” देवकाबाई म्हणाली, “गाडी जुंप. आत्ताच्या आत्ता.”

“काऊन? बरी आहे म्हणून राहिली होतीस तू.”

“जुंप म्हणतो ना मी! नागपूरची गाडी भेटली पाहिजे.”

तो दाराकडे वळला आणि थबकला. पोर अजून त्याच्या हातातच होती.

“हिलेही गुंडाळ मग. अंगावर पिते ते.”

देवकाबाईने पुढे होऊन नात त्याच्या हातातून काढून घेतली आणि पदरात लपेटली. पदराला ओव्याची पुरचुंडी अजून बांधलेली होती. बाजेकडे तिला पाहवेना.

“हे राहू दे माह्याजवळ,” ती म्हणाली. “शेजारच्या सुमित्राबाईची बकरी व्यायली आहे.”