किमकीचा डबा

च्याउतीचे पाय धड होते, म्हणून किमकीचा डबा पोचवायचं काम तिच्याकडे आलं. आणि त्या कामानेच तिच्या पोटात आग पेटवली.

तैवानमधल्या कीलुंग बंदराच्या मागच्या टेकडीवर जुन्या गोदी कामगारांची वस्ती आहे. घरावर घर चढलेलं, पत्र्याची छपरं, आणि मधल्या दगडी पायऱ्या इतक्या चिंचोळ्या की समोरून कुणी आलं तर छत्री मिटावी लागते. तरणी माणसं केव्हाच तायपेकडे निघून गेली. मागे उरले म्हातारे, आणि त्यांच्याहून जास्त म्हाताऱ्या.

पायथ्याशी सुलियनची नूडल्सची टपरी होती. तिची आई याच टेकडीवर एकटी गेली आणि ते कुणाला वेळेवर कळलंही नाही. ते शल्य मनात धरून सुलियनने देवळाच्या तळघरातली खोली मागून घेतली. तिथे आठवड्यातून तीन दिवस सगळ्या म्हाताऱ्यांनी यायचं, आधी खुर्चीत बसून हातपाय हलवायचे, मग एकत्र जेवायचं. ज्यांना पायऱ्या उतरवत नाहीत त्यांचा डबा ज्यांना उतरवतात त्यांनी न्यायचा. आणि रोज सकाळी प्रत्येकाने शेजारच्या एका दारावर थाप मारून विचारायचं, काय, उठलात का? एवढंच. पण एवढ्यानेही टेकडीला जाग आली.

च्याउतीने पंचाहत्तरी ओलांडली होती, पण ती बकरीसारखी पायऱ्या चढायची. सुलियन सगळ्यांना सांगायची, बघा, च्याउती मावशींकडे बघा जरा. ते ऐकायला च्याउतीला गोड लागायचं. जन्मात तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. च्याउती या नावाचा अर्थच मुळी 'भावाला बोलावून आण' असा. बापाला मुलगा हवा होता, ही आली. भाऊ मात्र आलाच नाही, आणि त्याचा राग बापाने मरेपर्यंत हिच्यावर काढला.

किमकी म्हणजे सोन्याची फांदी. नावातच सगळं आलं. दोघी ऐन उमेदीत गोदीवर शेजारी शेजारी बसून फाटकी पोती शिवायच्या. सुतळी तीच, दाभण तेच, मजुरी तीच. पण मुकादम चहा घेऊन यायचा तो किमकीपुढे ठेवायचा. किमकीला नवरा मिळाला तो जहाजावरचा आचारी, परदेशातून रेशमी रुमाल आणणारा. च्याउतीला मिळाला हमाल, तोही दारूत बुडालेला. पुढे दोघींचे नवरे गेले, दोघींची मुलं लांब गेली, दोघी एकाच टेकडीवर पत्र्याखाली राहू लागल्या, आणि च्याउतीला वाटलं, चला, म्हातारपणाने तरी हिला माझ्या ओळीत आणून बसवलं.

तेवढ्यात किमकी न्हाणीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन होऊन ती घरी आली ती राणी होऊनच. गोदीत क्रेन चालवलेला तेकभाऊ येऊन तिच्या भिंतीला धरायच्या दांड्या ठोकून गेला. कुणी तिचे केस धुऊन द्यायचं, कुणी रक्तदाब बघायचं. सुलियन टपरी बंद केली की थेट तिच्या उशाशी जाऊन बसायची. फिजिओथेरपीवाल्या बाई येऊन तिला चालायला सांगायच्या. किमकी डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, उद्यापासून. महिने गेले, तो उद्या उजाडला नाही. पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग, एवढीच तिची धाव.

आणि च्याउती डबा घेऊन जायची. आत पाऊल टाकलं की तिचा डोळा आधी टेबलावर जायचा. आज काय नवीन आलंय? कधी पेरू, कधी लोकरीचे मोजे, कधी कुणी विणलेली टोपी. एवढ्या टोप्या घालायला हिला डोकी किती आहेत, असं तिच्या मनात यायचं. धडधाकट माणसाला कोण मोजे देतं? पाय शाबूत ठेवले हाच आपला गुन्हा. "चांगल्या आहात ना मावशी?" असं लोक तिला विचारायचे ते पुढे जाता जाता, उत्तराला न थांबता.

ती कुढत राहिली, पण डबा एक दिवसही चुकवला नाही. सरळ हातात द्यायची, गरम आहे ना ते बघायची, आणि तोंड फुगवून समोरच्या स्टुलावर बसून राहायची. किमकी गप्पा मारायची, ही हूं हूं करायची.

मग किमकीचा वाढदिवस आला. सुलियनने पहाटेपासून डुकराचा पाय शिजत लावला होता, आयुष्य वाढावं म्हणून त्याच्यासोबत लांबलचक बारीक शेवया. झाकण उघडलं तेव्हा तळघरभर वास सुटला. सगळ्यांनी वाकून बघितलं. सुलियनने सगळ्यात मांसल तुकडा किमकीच्या डब्यात घातला आणि डबा च्याउतीच्या हातात दिला.

"जपून न्या हं मावशी. सांडू नका."

च्याउती पायऱ्या चढू लागली. पाऊस भुरभुरत होता. डब्याची ऊब तिच्या पोटाला लागत होती. आपला वाढदिवस कधी असतो, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. बापाने नोंद केली ती सवडीने, मनाला येईल ती तारीख टाकून. अर्ध्या वाटेवर, जिथे पाण्याच्या पिंपाच्या आडोशाला एक सपाट दगड आहे, तिथे ती बसली. दम लागला म्हणून बसले, असं तिने स्वतःला सांगितलं. मग झाकण उघडलं, आणि तो डुकराचा पाय बोटांनी उचलून ती खाऊ लागली. हाड चोखून गटारात टाकलं, पावसाच्या पाण्यात बोटं धुतली, आणि शेवयांचा डबा नीट झाकून किमकीला नेऊन दिला.

किमकीने डबा उघडला, आत बघितलं, च्याउतीकडे बघितलं, आणि शेवया खाल्ल्या. छान झाल्यात म्हणाली.

त्या मांसाने च्याउतीची भूक भागली नाही, उलट खवळली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली तेव्हा ती उठली नाही. पाय गेला, आतूनच सांगितलं, कळ येते, उभं राहवत नाही.

आणि काय सांगावं, तासाभरात घर भरलं. सुलियन धावत आली, गुडघ्याला आल्याच्या तेलाने मालिश करू लागली. तेकभाऊ दांड्या ठोकायचं मोजमाप घेऊन गेला. एका शेजारणीने पपई चिरून दिली, दुसरीने उशी आणली. डॉक्टरांकडे चला म्हणाले, तर च्याउतीने असा चेहरा केला की सगळ्यांनीच ठरवलं: म्हातारीला दवाखान्याची भीती वाटते, दोन दिवस पडू दे तिला.

दोन दिवसांचे आठवडे झाले. च्याउती पलंगावर पडून पावलांची वाट बघायची. कोण आलं, किती वेळ बसलं, काय आणलं. बसलेलं माणूस उठलं की लगेच मनात हिशेब: किमकीकडे ही जास्त वेळ बसली असती का? लोक असताना ती लंगडायची, नसताना चार पावलं सरळ टाकायची. मग तेवढीही टाकायचा कंटाळा येऊ लागला. पडून राहायची चटक लागते माणसाला. एकदा सगळे गेल्यावर ती चहा करायला उठली, तर गुडघा खरोखरच कुरकुरला. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

किमकीचा डबा आता तेकभाऊकडे आला होता. तो डबा दारात ठेवायचा, "ठेवलाय" म्हणायचा आणि निघून जायचा.

एका दुपारी पावसाची उघडीप होती. बाहेरच्या पायऱ्यांवर कसलासा आवाज येऊ लागला. घासल्यासारखा. मध्येच थांबायचा, धाप ऐकू यायची, पुन्हा घासल्याचा आवाज. दार ढकललं गेलं आणि दारात किमकी. पायऱ्यांवर बसून, एकेक पायरी पाठीमागे सरकत ती वर आली होती. विजारीचा बसायचा भाग चिखलाने माखलेला, केस कपाळाला चिकटलेले, हातात काठी. ऑपरेशनपासून पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

ती स्टुलावर टेकली. बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली.

"कळ कुठल्या पायात येते?" तिने विचारलं.

च्याउतीने उजव्या पायावर हात ठेवला.

"तेकभाऊंना डावा सांगितला होतास."

च्याउतीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आणि तो डुकराचा पाय कसा होता? चांगला शिजला होता का?" किमकीचा आवाज अगदी साधा होता, बाजारभाव विचारावा तसा. "वर तवंग एवढा जाड, रश्शाला वास, आणि आत मांस नाही. मी आचाऱ्याची बायको आहे, च्याऊ."

"मग सुलियनला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तिने तुझ्याकडून डबा काढून घेतला असता. मग तू आली नसतीस. तोंड फुगवून का होईना, बसतेस तरी. हा तेकभाऊ तर कुत्र्याला घालावा तसा ठेवून जातो."

च्याउती उठून बसली. आता लाज आणि राग एकमेकांत कालवले गेले होते. "तुला काय कमी आहे गं? सगळी टेकडी तुझ्या उशाशी. जन्मभर तेच. चहा तुला, रुमाल तुला, आता मोजेही तुला."

"मोजे!" किमकी म्हणाली आणि हसली, पण हसणं काही चांगलं नव्हतं. "रोज सकाळी तू माझ्या भिंतीला लागून पायऱ्या उतरायचीस. ठप ठप ठप. मी उशीला कान लावून ऐकायचे. आणि रोज म्हणायचे, मोडू देत मेलीचे पाय. एकदा तरी मोडू देत. मग कळलं, तू आडवी झालीस. एवढी खूश झाले मी, काय सांगू. म्हटलं काही झालं तरी डोळ्यांनी बघून यायचंच."

"बघितलंस ना? झालं समाधान?"

किमकीची नजर पांघरुणाबाहेर आलेल्या च्याउतीच्या पोटरीवर होती. जन्मभर पायऱ्या चढून दगडासारखी झालेली ती पोटरी सैल पडली होती.

"उभी राहा," किमकी म्हणाली.

"कशाला?"

"राहा म्हणते ना."

च्याउती ताठ्याने उठली. आता हिला दाखवतेच, असं मनात म्हणत तिने पाय टाकला, आणि पाय तिचा राहिलाच नव्हता. गुडघा आतल्या आत लटपटला. तिने टेबल धरलं, टेबलावरची पपई खाली गेली, आणि तीही जमिनीवर बसली. हे काही नाटक नव्हतं. तिने पुन्हा जोर लावला. उठवेना. किमकीने हात दिला, पण तिच्याच हाताला बळ नाही. दोघी एकमेकींना धरून तिथेच खाली बसल्या, पपईच्या बियांत.

च्याउती म्हणाली, "किमकी, खरंच गेला गं पाय."

तेव्हा किमकी सरपटत दाराशी गेली आणि तिने हाक मारली. गोदीवर जहाजाच्या भोंग्यावरून पलीकडे जायचा तो तिचा आवाज. थेट पायथ्याच्या टपरीपर्यंत गेला. सुलियन हातातला झारा घेऊनच धावत वर आली.

डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं. पडून पडून स्नायू गेलेत, म्हणाले, या वयात जायला वेळ लागत नाही, यायला लागतो. परतताना च्याउतीने सुलियनला सगळं सांगून टाकलं. डुकराच्या पायापासून. सुलियनने तिला सांत्वनाचे शब्द ऐकवले नाहीत.

"वरच्या आळीतल्या तिघांचे डबेही तुमच्याकडे होते मावशी," ती म्हणाली. "ते थंड खात होते. आणि मी टपरी टाकून तुमचे गुडघे चोळत होते." मग थोड्या वेळाने, जरा उतरलेल्या आवाजात, "माणूस हवं होतं तर माणूस मागायचं होतं. मला काय कळतं तुमच्या पोटातलं?"

च्याउतीला माणूस मागता येत नव्हतं. ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पण त्यानंतर सुलियनने एक केलं: जे डबे पोचवतात त्यांच्याही दारावर नुसती थाप मारून पुढे जायचं नाही, कसे आहात विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचं, असा नियम घातला. निदान पहिले काही दिवस तो पाळला गेला. पुढे कुणी थांबायचं, कुणी नाही.

फिजिओथेरपीवाल्या बाई आता एकाच खेपेला दोघींकडून व्यायाम करून घेतात. किमकीने मोजायचं, च्याउतीने पाय उचलायचा, मग उलट. किमकी मुद्दाम सावकाश मोजते असा च्याउतीचा आरोप आहे. किमकीने काठी टाकून तळघरापर्यंत उतरायला सुरुवात केली, त्या आठवड्यात च्याउती जळून कोळसा झाली आणि दुप्पट पाय उचलू लागली. पण बकरीची चाल काही परत आली नाही. आता तीही कठडा धरून, अंग तिरकं करून एकेक पायरी उतरते, आणि पाऊस असला की खाली जातच नाही.

परवा पिवळ्या दाराच्या घरात एक नवीन म्हातारा राहायला आला. कुणाशी बोलत नाही, पडदा उघडत नाही. सुलियनने दोघींना सांगितलं, रोज सकाळी जरा विचारून या. दोघी कशाबशा तिथवर पोचल्या, धापा टाकत उभ्या राहिल्या, आणि थाप कुणी मारायची यावरून त्यांचं जुंपलं. मी मोठी, किमकी म्हणाली. मी आधी पोचले, च्याउती म्हणाली. आवाज इतका चढला की आतून पडदा हलला आणि दार उघडून म्हातारा विचारू लागला, काय झालं, कुणाला लागलं का?