दहा ते पाचचं घर

सावळ्याची झोपडी पडली. भर दुपारी सव्वातीनला, मुंबईच्या अकरा पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत पडली. त्यातल्या चौघांनी टाळ्याही वाजवल्या.

पण ती पडलेली नाही. म्हणजे तसं ठरलंय. शेठ म्हणतो पडली नाही, मॅनेजर म्हणतो पडली नाही, शहापूरच्या कचेरीतलं दप्तरही म्हणतं पडली नाही. एवढी वजनदार मंडळी एकीकडे आणि एक झोपडी दुसरीकडे. तेव्हा आपणही ती उभी आहे असंच धरून चालू.

आटगाव स्टेशनात उतरून बैलगाडीनं तास-दीड तास गेलं की तलाव लागतो. काठावर देवराम पाटलाची वरकस माळजमीन, आणि तिच्यावर कातकऱ्यांच्या सहा झोपड्या. साठ सालच्या दिवाळीनंतर त्यातली पाच घरं दरसालासारखी कोळशाच्या भट्ट्यांवर गेली. सावळ्या मागं राहिला, कारण आदल्या साली भट्टीवर त्याचा पाय भाजला होता. त्यामुळं झोपड्या मोडताना बघायला निदान एक माणूस हजर होता.

झालं होतं असं, की देवरामनं जमीन मुंबईच्या एका शेठला विकली होती. शेठनं हवापालटाला येणाऱ्यांसाठी बंगला बांधला, ओटीवर वेताच्या खुर्च्या मांडल्या, एका खुर्चीत स्वतः बसला आणि म्हणाला, "या झोपड्यांनी देखावा अडतोय."

सावळ्यानं वळून पाहिलं. त्याच्या दारातून तर तलाव सरळ दिसत होता. काही अडत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सहाही झोपड्या गेल्या. सावळ्या आणि त्याची बायको हिराबाई देवरामच्या न विकलेल्या शेताच्या बांधावरच्या आंब्याखाली राहायला गेली. देवराम वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मिरगापर्यंत ऱ्हा रे. पुढं नको. आज बांधावर ऱ्हाल, उद्या बांधच आमचा म्हनाल."

थंडीत पाहुणे आले. त्यांनी दीड दिवस तलाव पाहिला. तलावानं काहीच केलं नाही. दुसऱ्या दुपारी एका बाईंनी विचारलं, "इथले ते आदिवासी लोक कुठं असतात?"

हा प्रश्न अनंताला होता. अनंता आसनगावचा. मुंबईच्या हॉटेलात चार वर्षं काढून आता बंगल्याचा मॅनेजर झालेला. "व्यवस्था चालू आहे," तो म्हणाला.

आठ दिवसांत शेठचा हुकूम आला: झोपडी पाहिजे, अस्सल. मग सावळ्यानंच भिंतींना कारवीचा कूड बांधला, हिराबाईनं शेणमातीनं लिंपला, दोघांनी मिळून पेंढ्यानं छप्पर शाकारलं. त्यांच्या जुन्या जागेपासून मोजून बारा पावलांवर. आता मात्र देखावा अडत नव्हता.

नियम पाटीवर लिहिले होते आणि सावळ्याला वाचता येत नव्हतं, म्हणून अनंतानं वाचून दाखवले. नवरा-बायकोनं दहा ते पाच दारात बसायचं. एक ते दोन जेवणाची सुट्टी, पण जेवण झोपडीबाहेर. पाचनंतर आत थांबायला सक्त मनाई. चूल मांडायची, पेटवायची नाही.

"धूर नाय?" सावळ्यानं विचारलं.

"लोक हवा खायला येतात रे, धूर खायला नाही."

"मानसांसाठी नाय मागत, मनेजर. कुडासाठी मागतंय. चुलीचा धूर बसला तं कारवी टिकते. नाय तं भुंगा लागल. पावसाला नाय उरायची."

"अरे, हे काय राहायचं घर आहे? हे बघायचं आहे."

"ते खरं. पन भुंग्याला कोन सांगल?"

हिराबाई थंड चुलीवर रिकामं मडकं ठेवून दिवसभर पळीनं ढवळायची. फोटोत ते बरं दिसायचं. एका बाईंनी वाकून विचारलं, "काय शिजतंय गं?"

"पाच वाजंपर्यंत काय नाय शिजत, बाई," हिराबाई म्हणाली. बाईंना ते फार गोड वाटलं.

माघात शिरगणतीचे गुरुजी आले. वही उघडून त्यांनी विचारलं, "इथं कायम राहता का?"

"धा ते पाच," सावळ्या म्हणाला.

गुरुजींनी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. "असा रकाना नाही."

"मंग?"

"मग राहता असं लिहितो. बरं दिसतं." त्यांनी दाराशेजारच्या खांबावर, मेढीवर, गेरूनं सतरा आकडा काढला.

सावळ्या त्या आकड्याकडे बघतच राहिला. त्याच्या बापानं जन्मात वीस झोपड्या बांधल्या असतील, एकीलाही नंबर नव्हता. पाच वाजले. नवरा-बायको आंब्याखाली गेली. नंबर झोपडीत राहिला.

चैत्रात हिराबाईच्या केसांवर पिवळं पीठ गळू लागलं. वर बघावं तर छपराच्या वाशांतून कुरकुर. सावळ्यानं पुन्हा धूर मागितला. अनंता अगदीच निर्दय नव्हता. त्यानं एक उदबत्ती दिली. "ही लाव. पाहुण्यांना चालेल." वास भुंग्यांनाही चालला असावा, कारण कुरकुर वाढली.

आणि वैशाखाच्या शेवटी तलावावरून वाऱ्याची एक झुळूक आली. वादळ नव्हे, झुळूकच. अकरा पाहुणे समोर उभे होते. हिराबाई मडकं विसळायला नुकती बाहेर आली होती. म्हातारीनं गुडघ्यांवर हात टेकून बसावं तशी झोपडी हळूच खाली बसली. पिवळी धूळ उडाली, टाळ्या झाल्या. एका गृहस्थांना कॅमेऱ्याची कळ दाबायला उशीर झाला होता. त्यांनी विचारलं, "परत कधी असतं?"

शेठनं झोपडीचं चित्र घालून दोन हजार पत्रकं छापून घेतली होती. त्याची मुंबईहून चिठ्ठी आली: छापलेली झोपडी पडत नसते. "सीझन संपलाय," अनंता म्हणाला. "दिवाळीला परत बांधू. तोवर ती उभी आहे. कळलं?"

त्याच सुमारास कचेरीत बेघरांना गावठाणात जागा द्यायची यादी निघाली. सावळ्या शहापूरपर्यंत चालत गेला. भट्टीवरून परतलेल्या पाच घरांची नावं यादीत नव्हतीच. गणतीच्या वेळी ती इथं नव्हती, आणि जी मोजलीच नाहीत ती बेघर कशी होतील? सावळ्या तेवढा मोजलेला. म्हणून तो घरवाला.

"सतरा नंबर तुझाच ना?" कारकुनानं विचारलं.

"पडलं, साहेब."

"मालकाचा दाखला आण. पडल्याचा."

अनंता म्हणाला, "न पडल्याचा हवा तर आत्ता देतो."

मिरगाला आठ दिवस उरले, तसा देवराम बांधावर आला. आंब्याकडे बघून खाकरला. तो गेल्यावर हिराबाई ढिगाऱ्याकडे गेली आणि सरपणासाठी लाकडं घेऊन आली. त्यात सतरा नंबरची मेढ होती.

"आता तं धूर करू द्या अवो," ती म्हणाली. "आता कोनाच्या डोल्यात नाय जायचा."

"ती नको गो." सावळ्यानं मेढ तिच्या हातातून काढून घेतली. "तेवढंच घर हाय."

ती मेढ उराशी धरून तो गुरुजींकडे गेला. गुरुजींनी स्वतःचं अक्षर ओळखलं, बराच वेळ चष्मा पुसला आणि अर्ज लिहून दिला. सावळ्यानं खाली अंगठा उठवला. अर्ज असा:

"मेहेरबान मामलेदारसाहेब, तालुका शहापूर, यांचे सेवेशी. अर्जदार सावळ्या मंगळू वाघ, राहणार घर नंबर सतरा, वेळ दहा ते पाच, याचा विनंती अर्ज ऐसा जे, सदर घर पडलेले असल्यास तसे सरकारातून जाहीर होऊन अर्जदारास बेघर समजण्यात यावे. सदर घर उभे असल्यास मृग नक्षत्रापासून दसऱ्यापर्यंत, पाहुणे नसतील अशा वेळी, अर्जदारास व त्याच्या बायकोस त्यात राहण्याची आणि चूल पेटवण्याची परवानगी असावी. दोहोंपैकी कोणतेही एक खरे मानण्याची मेहेरबानी व्हावी, ही विनंती."